काहिलीतला हिमालय

पौषात साताऱ्याहून कुपवाडला लेकाकडे निघालो, की आमचा प्रवास कधीच वेळेवर संपत नाही. रस्ता आता चांगला आहे, गाडी लेकानं पाठवलेली असते, ड्रायव्हरला परतायची घाई असते. पण कऱ्हाड मागं पडलं, की मास्तर काच खाली करतात, नाक बाहेर काढतात आणि म्हणतात, "आलं." मास्तर म्हणजे माझे यजमान. भूगोल शिकवून निवृत्त झाले, त्यालाही आता इतका काळ लोटला की त्यांच्या वर्गातली पोरंसुद्धा निवृत्त व्हायला लागली आहेत. लग्नाआधी मी त्यांना मास्तर म्हणत होते, लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. तर मास्तर "आलं" म्हणतात आणि ड्रायव्हर मुकाट्यानं गाडी बाजूला घेतो. त्यालाही आता सवय झाली आहे.

आलेलं असतं ते गुऱ्हाळ. म्हणजे आधी त्याचा वास येतो आणि मग वळणावर धुरांडं दिसतं. मी म्हणते, "साखर किती आलीय परवाच्या तपासणीत, आठवतंय का?" ते म्हणतात, "मी खायला कुठं चाललोय? मी बघायला चाललोय." आणि हे मात्र खरं असतं. रसाचा ग्लास, गुळाचा खडा, कशालाही हात न लावता हा माणूस दोन्ही हात पाठीमागं बांधून काहिलीपाशी जाऊन उभा राहतो आणि उकळायला आलेल्या रसाकडे टक लावून बघत बसतो. गुऱ्हाळवाल्याला वाटतं, सरकारी तपासणीस आला. तो बिचारा खुर्ची आणतो, रुमालानं पुसतो. मास्तरांचं लक्षच नसतं.

आता गुऱ्हाळं तरी कुठं उरली आहेत म्हणा. ऊस सगळा कारखान्याकडे जातो. जी चार-दोन आहेत ती रस्त्याकडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसलेली. पण वास तोच आहे. तो वास नुसता गोड असता तर मी त्याच्यावर एवढं लिहिलं नसतं. त्यात वाळल्या चिपाडाचा धूर असतो, ओल्या मातीचा गारवा असतो, उकळत्या रसाची जरा आंबूस वाफ असते, आणि तळाला कुठंतरी करपल्याचा एक बारीक कडवटपणा असतो. माझ्या माहेरी थंडी अशी अंगाला लागायच्या आधी नाकाला लागायची. शाळेत ऋतू तीन सांगायचे. आमच्या कृष्णाकाठी चौथाही होता, गुऱ्हाळाचा.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, नदीला लागून. मी सांगते आहे तो हिवाळा सत्तरच्या दशकातला. बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि आणीबाणी अजून यायची होती. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू, गाव सुभेदार म्हणायचं. पलटणीतून पेन्शनवर येऊन ऊस लावला, आणि पलटण काही अंगातून गेली नाही. खाकी स्वेटर, कानटोपी, गळ्यात शिट्टी. घाण्यावर मोळी टाकायला उशीर झाला की शिट्टी. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड कमी पडलं की शिट्टी. आई म्हणायची, "बया, ह्या मानसाचं बारसं कुनी शिट्टी फुकून केलं व्हतं का काय!" इंजिनाची फटफट, घाण्यातून पडणारी रसाची धार, भट्टीच्या तोंडाशी लाल झालेली माणसं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती मोठी लोखंडी काहील. आम्ही पोरंपोरी तिच्याजवळ जायला भीत असू आणि जात असू.

काहिलीचा राजा मात्र आबा नव्हते. तो मान गुळव्याचा. गूळ कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या, आणि आमचे ज्ञानूतात्या स्वतःला पंचक्रोशीतले सगळ्यात मोठे गुळवे समजत. हंगामभर ते वरबापासारखे बसायचे. चहा त्यांना आधी, भाकरी त्यांना गरम, पाणीसुद्धा तांब्यात नको, पितळी फुलपात्रात हवं. गूळ चांगला उतरला तर "हात कुनाचा हाय," आणि बिघडला तर "ऊसच फोकसा व्हता." आणि एक रीत होती, ती आलेल्यानं पाळायचीच. गुऱ्हाळावर पाऊल टाकलं की तात्यांच्या गुळाला नावाजायचं, मगच उठायचं. त्याच्या बदल्यात कुणी रिकाम्या हातानं परत जायचं नाही. वाटसरूच्या तळहातावर गुळाचा खडा, ओळखीच्याच्या किटलीत काकवी. पण अख्खी ढेप फक्त सोयऱ्याला. ती फडक्यात बांधून द्यायची, आणि ज्याच्या हाती ती दिसली तो सुभेदाराचा सोयरा, हे गावाला सांगावं लागायचं नाही.

आबांची एक दुखरी जागा होती, आणि ती आमच्या देव्हाऱ्यात होती. खंडोबाच्या टाकाशेजारी मुठीएवढा काळा दगड, आणि त्यावर शंखासारखा गोल वळसा. आबांची पलटण हिमालयात अगदी वर, तिबेटच्या तोंडाशी असताना त्यांनी तो स्वतः दरडीतून उकरून काढला होता. आईनं त्याला शाळिग्राम ठरवून हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. आबा म्हणायचे, "द्येव म्हन, पर त्यो समुद्रातला शंख हाय. म्या बघितलंय. अख्खा डोंगर शिंपल्यांनी भरलाय तितं." पलटणीतून नवे नवे आले तेव्हा ही गोष्ट त्यांनी पारावर सांगितली, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. तात्यांनी भर पारावर विचारलं, "सुभेदार, समुद्रातला शंख बर्फाच्या डोंगरावर चढला कसा? एस्टीनं?" लोक हसून लोळले. त्या दिवसापासून गावानं माझ्या वडिलांचं नाव 'शिंपल्या सुभेदार' ठेवलं. लढाई पाहिलेला माणूस, छातीवर पदकं असलेला, आणि गावात ओळख काय, तर थापाड्या. आबा पुन्हा कधी त्या दगडाबद्दल बोलले नाहीत. मात्र सणाला देव घासायला काढले, की तो दगड ते स्वतः धुवायचे.

मी तेव्हा कऱ्हाडच्या कॉलेजात जात होते, एस्टीनं. गावच्या हायस्कुलात भूगोलाला नवे मास्तर आले होते, माण तालुक्यातले. दहिवडीच्या पलीकडचं गाव. घरी मेंढरं आणि पावसावर येणारी ज्वारी. उन्हानं रापलेला, काटकुळा, पायात टायरच्या चपला. फळ्याकडे न बघता पोरांशी बोलत बोलत हिंदुस्थानचा नकाशा काढायचे, आणि तो चुकायचा नाही. मी एकदा त्यांच्याकडून नकाशांचं मोठं पुस्तक वाचायला आणलं. ते परत करायला गेले. मग दुसरं आणलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते मी सांगणार नाही. एवढं सांगते की मला तो माणूस हवा होता. हे वाक्य तेव्हा आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती, म्हणून आज लिहून टाकते.

हेडमास्तरांनी आबांच्या कानावर घातलं. मुलगा गुणाचा आहे, कायम नोकरी आहे, तुमच्या कुसुमला शोभेल. आई तर चुलीपुढून उठूनच उभी राहिली. "कृष्णाकाठची पोर मानात? आवं, तितं पानी न्हाई प्याला! दुष्काळात बघितली न्हवं त्यांची दैना? माजी पोर काय डोईवर घागरी वाहून मारायची हाय?" आईचं तरी काय चुकलं? दुष्काळात माणातली माणसं आमच्या रस्त्यांवर खडी फोडायला आली होती, गुरं छावणीत बांधली होती. त्या बायांचे हात आईनं पाहिले होते. ती त्यांना ताक द्यायची आणि घरी येऊन रडायची. आमच्याकडे विहिरीला पाय सोडून बसलं तर पाण्याला लागायचे. लेक द्यायची तर पाणी बघून द्यावी, हे आमच्याकडे जन्मपत्रिकेपेक्षा मोठं होतं.

आबांनी शेवटी एवढंच ठरवलं, "गुऱ्हाळावर बोलवा त्यास्नी. बघू." चहापोह्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, चुलवाणापाशी माणूस लपत नाही. धूर डोळ्यात गेला, आच अंगाला लागली, की इस्त्रीतला माणूस बाहेर येतो. मला मात्र दोन दिवस घास गिळवेना. कारण मास्तरांना ओळखत होते ना मी! हा मनुष्य कुठं काय बोलेल याचा नेम नव्हता.

ते आले. पांढरा सदरा घालून गुऱ्हाळावर येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आई कधी नव्हे ती भाकरी घेऊन स्वतः आली होती, जावयात खोट काढायला. मी तिच्यामागून कोरड्यासाचं भांडं घेऊन आले आणि चिपाडाच्या ढिगाआड उभी राहिले. काहिलीत नुकताच रस ओतला होता. सुरुवातीला तो हिरवट, गढूळ असतो. खाली जाळ लागला की हळूहळू त्याच्यावर मळी धरते. उसातली सगळी घाण वर येऊन जाड साय बनते. ती वेळीच झाऱ्यानं काढली नाही, तर रसात उकळून गूळ काळा पडतो. तात्या झारा घेऊन सरसावले.

"थांबा, थांबा! काढू नका!" मास्तर ओरडले. "काय सुंदर आहे हो हे!"

इंजिन चालू होतं म्हणून, नाहीतर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पाहुण्यानं पंगतीत बसून पुरणपोळी बाजूला सारावी आणि उष्ट्या पत्रावळींचं कौतुक करावं, तसं झालं. तात्यांनी झारा खाली ठेवला. "मास्तर, ती मळी हाय. घान हाय ती. म्या हितं गूळ करतुया, मळी न्हाई." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईनं माझ्याकडे असं बघितलं, की झालं, मिटलं.

आबांनी शिट्टी हातात घेतली होती, ती फुंकली नाही. "काय सुंदर दिसलं वं तुमाला त्यात?"

"हिमालय," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते काहिलीच्या कडेला उकिडवे बसले, आणि बोलायला लागल्यावर त्यांची शाळेतली भाषा गळून पडली. आजही तसंच होतं; जीव लावून बोलायचं असलं की माणदेश तोंडात येतो. "ह्ये बगा आबा. जाळ ह्या तोंडाला जास्ती हाय. म्हनून हितनं रस वर येतोय आन् तिकडं सरकतोय. मळी आपली वरच्यावर तरंगतीया. तिला पाय न्हाईत, पर खालचा रस तिला घिऊन चाललाय. बगा, हितं फाटली. आन् तिकडं कडंला काय झालं? पुढची थांबली, मागची येऊन भिडली, जागा उरली न्हाई, म्हनून वर उचलली. सुरकुत्या पडल्या न्हवं? ह्यो हिमालय."

मग ते सांगत गेले. पृथ्वीच्या पोटात अशीच आच आहे. आतला दगड इतका तापलेला की घट्ट असूनही फार हळू वाहतो, आणि आपण ज्याला जमीन म्हणतो ती वरची साय आहे, तुकड्या-तुकड्यांची. पुस्तकात त्याला भूपट्ट म्हणतात. आपला देश असाच एका तुकड्यावर बसून खाली दक्षिणेकडून निघाला, वर सरकत सरकत आला आणि तिकडच्या मोठ्या तुकड्याला जाऊन भिडला. कुणाला हे सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण आमच्या गावाला जमीन हलते हे सांगावं लागत नव्हतं. कोयनेच्या भूकंपात आमच्या स्वयंपाकघरातल्या उतरंडी कोसळल्या होत्या आणि माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपत होती. त्यामुळे हसणं जरा कमी झालं.

"आन् मधी काय व्हतं? त्या दोन तुकड्यांच्या मधी?" आबांनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हताच.

"समुद्र व्हता, आबा. त्येच्या तळाचा गाळ, त्यातलं शंख-शिंपलं, समदं चेपलं आन् वर आलं."

तात्या कातावले होते. "आता ह्यो हिमालय काढू का? का जाळू गूळ?" "काढा," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "कुसुम, देव्हाऱ्यातला दगूड आन. पळ."

मी पळाले. मागून आई ओरडत होती, "आवं, द्येव हाय त्यो! बिनआंगुळीची काय हात लावतीया!" मी तशीच आणला, हळदकुंकवासकट. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आधी कपाळाला लावला आणि मग बघितला. आईचा राग त्या एका कपाळाला लावण्यानं अर्धा उतरला, हे मी पाहिलं. मास्तर वळशावरून बोट फिरवत म्हणाले, "ह्यो समुद्रातला जीवच हाय. दगूड झालाय. कुठं घावला?"

आबांनी कानटोपी काढली. इतकी वर्षं पारावर ज्यावर हसू झालं ते खरं होतं, आणि ते सांगणारा आयुष्यात पहिला माणूस त्यांच्या गुऱ्हाळावर उकिडवा बसला होता. आबा तात्यांकडे वळून एवढंच म्हणाले, "तात्या, एस्टीनं न्हाई आला."

यावेळी लोक हसले ते वेगळ्या तोंडानं. तात्या हार मानणाऱ्यातले नव्हते. झाऱ्यातली मळी झटकत त्यांनी विचारलं, "मग आपला सह्याद्री बी असाच चेंगरून वर आला म्हना की." त्यांना वाटलं, आता मास्तर हो म्हणतील. मास्तर म्हणाले, "न्हाई तात्या. त्यो तुमी करताय तसा झालाय." आणि ते थांबून राहिले, दुपारी गूळ उतरेपर्यंत. चौघांनी काहील कलती केली, रस निववायच्या वाफ्यात ओतला. तो पिवळा, जड रस पसरला आणि निवायला लागला. तेव्हा ते म्हणाले, "ह्यो बगा सह्याद्री. देश वर सरकत व्हता, तवा वाटंत जमिनीला भेगा पडल्या आन् पोटातला रस भायेर आला. पसरला, निवला. त्येच्यावर आनि आला, पुन्यांदा निवला. थरावर थर. अजिंक्यताऱ्याच्या कड्याला पट्टं दिसत्यात न्हवं? ती एकेक आधनं हायती, काहिलीमागं काहील उतरावी तशी." तात्यांची मान जरा ताठ झाली. सह्याद्री गुळव्याच्या पद्धतीनं झाला म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण मला कळत होतं की खरी गोष्ट अजून निघायचीच आहे.

ती आईनं काढली. "डोंगराचं कळलं. पान्याचं बोला."

मास्तर खोटं बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं. विहीर आहे, आड आहे, नळ येणार आहे, असं काहीही. ते म्हणाले, "पानी न्हाई, आई. ढग ह्या सह्याद्रीला अडत्यात, निम्मं हितंच रितं हुत्यात. तुमची नदी भरती. आमच्यापतुर येतो त्यो वारा. उन्हाळ्यात लांबच्या आडावनं शेंदाय लागतं, दोर लय मोठा लागतो."

"म्हंजी माजी पोर शेंदनार."

"मी शेंदतो," मास्तर म्हणाले. "आईला गुडघ्याचं दुखनं हाय. आमच्यात गडीमानूस आडावर जात न्हाई, बाया हसत्यात. मास्तर घागर घिऊन आला म्हनत्यात."

आबांनी पुन्हा कानटोपी चढवली. "हसू द्या," ते म्हणाले. मग जरा वेळानं, जणू दुसरंच काही बोलायचंय अशा सुरात, त्यांनी विचारलं, "मास्तर, ती जमीन अजून सरकती का? का थांबली?"

"सरकती की. हिमालय अजून वाढतोय. पर दिसायचा न्हाई. आपली नखं वाढत्यात न्हवं, साधारन तेवढ्या चालीनं जमीन सरकती."

आबांनी आपली काजळीनं काळी झालेली नखं बघितली. मास्तर निघताना ते तात्यांना म्हणाले, "पाव्हन्यास्नी ढेप बांधा." तात्यांनी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे, आणि मी चिपाडाच्या ढिगाकडे. मास्तरांना रीत माहीत नव्हती. ते म्हणत होते, "एवढा कशाला, खडा पुरं." तेव्हा तात्या खेकसले, "घ्या वं! ढेपंला न्हाई म्हनाय तुमी कोन?" ती ढेप खांद्यावर घेऊन मास्तर भर गावातून आपल्या खोलीवर गेले. आपलं लग्न ठरलंय हे सगळ्या गावात फक्त त्या एका माणसाला ठाऊक नव्हतं.

वैशाखात मी माणात गेले. हेडमास्तरांच्या ओळखीनं मास्तरांची बदली त्यांच्या गावाजवळच झाली होती. तो मुलूख मला पहिल्या दिवशी उघडा वाटला आणि मग आवडायला लागला. झाडं थोडी असली की आभाळ मोठं मिळतं. माझ्या माहेरी डोंगर लांब, निळे दिसायचे; इथं ते हाताशी होते, आणि त्यांचे थर मोजत मी ज्वारी राखत बसायची. आड खरोखर खोल होता. पहाटे मास्तर खांद्यावर दोर टाकून जायचे आणि बाया खरोखर हसायच्या. माझ्या सासूबाईंना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी शेंदायला गेले की मास्तर म्हणायचे, "तू घागरी ने. दोर माझा." दोर नारळाचा, खरबरीत. मी कधी भांडून ओढायची, पण त्यांचा हट्ट मोठा होता.

माहेरी गेले, की आबांची एक चेष्टा ठरलेली. उंबऱ्यातच माझा हात हातात घ्यायचे आणि नखं बघायचे. "बघू, हिमालय कितपत वाढला." सगळे हसायचे. मीही हसायची. एकदा त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला, बोटांच्या मुळांशी थांबला, घट्टा आहे का हे चाचपून पुढं गेला, तेव्हा मला कळलं की ही चेष्टा नाही. पलटणीत वागलेला माणूस. लेकीला सुख आहे का, असं तोंडानं कसं विचारणार? आईनं विचारलं असतं तर मी 'आहे' म्हटलं असतं, आणि तिला ते पुरलं असतं. आबांना पुरावा लागायचा.

परवा कुपवाडला जाताना मास्तर पुन्हा एका काहिलीपाशी उभे राहिले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. रस एका बाजूनं फुगून येत होता, मळी फाटत होती, पलीकडे चुणीवर चुणी चढत होती. माझा सगळा जन्म या माणसाबरोबर गेला आणि हे बघायचा मला कंटाळा आलेला नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, "चला आता, पोरगा वाट बघत असेल." ते म्हणाले, "जरा थांब, भिडू दे." गुऱ्हाळवाला झारा घेऊन खोळंबला होता, आणि मला तात्या आठवले. लग्नानंतरचा पहिला पौष आठवला.

त्या वर्षी परतीचा पाऊस माणात फिरकलाच नव्हता. आमच्याकडे सगळं त्याच पावसावर. दिवाळीलाच आडाचा तळ दिसायला लागला होता, आणि ही बातमी कृष्णाकाठी पोचली होती. आम्ही गुऱ्हाळाला गेलो तेव्हा आबा शिट्टी विसरून वाटेवर येऊन उभे होते. काहिलीत रस होता, मळी धरायला लागली होती. मास्तर लगेच हात मागं बांधून तिथं. आबांनी माझा हात घेतला. नखं बघितली, उलटा करून तळवा बघितला, परत नखं बघितली. ती चांगली वाढलेली होती. संक्रांत जवळ आली म्हणून मी त्यांना रंगही लावला होता. आबांचा विश्वास बसेना. "पानी तर न्हाई म्हनत्यात तुमच्याकडं," ते म्हणाले. मी मास्तरांकडे बघितलं.

ते काहिलीपाशी गेले. "मास्तर, हात बघू."

मास्तरांना वाटलं, काही लागलंय का विचारतात. त्यांनी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढं केले. दोरानं तळवे चिरलेले, बोटांना भेगा, आणि नखं मांसापर्यंत झिजलेली. एक तर निम्मं नव्हतंच. आई पदर तोंडाला लावून मागं सरली. आबांनी ते हात आपल्या हातात घेतले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा हिमालय झिजला की वं."

"झिजायचाच, आबा," मास्तर म्हणाले. "वारा-पाऊस लागतो त्येला. पर खालनं वर येत ऱ्हातो."

तेवढ्यात मळी भरून आली, आणि तात्यांनी झारा उचलला. आबांनी मास्तरांचे हात सोडले नव्हते. मान न वळवताच ते म्हणाले, "तात्या, थांबा. मळी काढू नगा. मास्तरास्नी बगू द्या."

आणि ज्ञानूतात्या, ज्यांनी उभ्या जन्मात कुणासाठी आपला हात थांबवला नव्हता, ते झारा धरून गप उभे राहिले. त्या आधणाचा गूळ काळपट उतरला. आबांनी तो बाजारात धाडला नाही. वर्षभर तोच खाल्ला, आणि आल्यागेल्याला तोच दिला.